उपोषणाची फर्स्ट शिफ्ट

भूक लागली की मी माणसात राहत नाही. जेवायला अर्धा तास उशीर झाला तर मी आधी गप्प होतो, मग कुणाशी तरी भांडतो, आणि जेवण झालं की कशावरून भांडलो तेच मला आठवत नाही. मुलगी बघायला गेलो असताना एकदा पोहे यायला वेळ लागला, तर मी मुलीच्या वडिलांशी त्यांच्या बोअरला किती फुटांवर पाणी लागलं असेल यावरून वाद घातला होता. पोहे आले तेव्हा आमच्याकडचे लोक चपला घालत होते. अशा माणसाला उपोषणाला बसवायचं कुणाच्या डोक्यात आलं, हे मला आजही कळलेलं नाही. पण यादीत नाव होतं, आणि कंपनीत काम करणाऱ्या माणसाचं नाव एकदा यादीत आलं की विषय संपतो.

मी तेव्हा चाकणच्या एमआयडीसीत गाड्यांच्या सीटा बनवणाऱ्या एका कंपनीत कंत्राटी कामगार होतो. राहायला काळेवाडीत, आईबरोबर. कंपनीत दोन जातीची माणसं होती: कॅन्टीनमध्ये जेवणारी आणि डबा खाणारी. पर्मनंट लोक बारा ते एक कॅन्टीनमध्ये टेबलावर बसून जेवायचे. आम्ही कंत्राटी लोक एक ते दीड सायकल स्टँडच्या पत्र्याखाली डबे उघडायचो. काम तेच, मशीन तीच, घामही तोच. पोटं मात्र वेगळी असावीत असा कंपनीचा समज होता. त्यात कॅन्टीनचा एक्झॉस्ट पंखा नेमका सायकल स्टँडच्या अंगाला उघडत होता, त्यामुळे डाळीला फोडणी बसली की ती आधी आम्हाला कळायची. बुधवारी अंडाकरी असते हे मला पाठ होतं. ती लागते कशी हे माहीत नव्हतं.

तर मागणी एकच होती. कंत्राटी कामगारांनाही कॅन्टीनमध्ये जेवण मिळावं. आणि त्यासाठी मार्ग ठरला साखळी उपोषणाचा. जेवण मिळावं म्हणून उपाशी राहायचं, ही युक्ती मला पहिल्यापासून संशयास्पद वाटत होती. मी मीटिंगमध्ये तसं बोललोही. आपण कॅन्टीनसमोर बसून कंपनीला दिसेल असं पोटभर जेवू, असं मी सुचवलं. लोक हसले आणि माझं नाव दुसऱ्याच दिवसाच्या यादीत गेलं.

हे सगळं चालवायचे ते आमच्या कमिटीचे सेक्रेटरी. स्वतः पर्मनंट, कॅन्टीनमध्ये आरामात जेवू शकणारा माणूस, तरी आमच्या बाजूनं उभा राहिला, हे त्यांचं मोठेपण मी कधीच विसरणार नाही. पण वीस वर्षं लाइन लीडर म्हणून काढल्यामुळे त्यांना जगातली कुठलीही गोष्ट शिफ्टशिवाय सुचायची नाही. पोलिसांनी गेटसमोर मंडप टाकायला सकाळी सात ते संध्याकाळी सात अशी परवानगी दिली होती. सेक्रेटरींनी लगेच तिचे दोन भाग केले. सात ते एक फर्स्ट शिफ्ट, एक ते सात सेकंड शिफ्ट. प्रत्येक शिफ्टला दोन माणसं, ज्यांची त्या दिवशी सुट्टी असेल ती. मंडपात बसताना हेल्मेट आणि सेफ्टी शूज सक्तीचे. येणाऱ्यानं जाणाऱ्याकडून रजिस्टरमध्ये हँडओव्हर घ्यायचा. त्या रजिस्टरमध्ये भूक, चक्कर, अशक्तपणा आणि शेरा असे रकाने होते. पहिल्याच दिवशी एकानं भुकेच्या रकान्यात 'नॉर्मल' लिहिलं, आणि पुढे सगळ्यांनी तेच लिहिलं.

सगळ्यात कडक नियम मात्र शॉप फ्लोअरचाच होता. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. चालू मशीन सोडून ऑपरेटर निघून गेला तर काय होतं हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सेक्रेटरी म्हणायचे, हे उपोषण म्हणजे चालू मशीन आहे असं धरून चाला. आणि त्यामागे कारणही होतं. दिवाळीच्या आधी एकदा कंपनीनं मागणी तोंडी मान्य केली होती. आम्ही टाळ्या वाजवून मंडप उतरवला, आणि मंडपवाल्याचा टेम्पो चाकण चौकात पोचायच्या आत कंपनीनं 'विचार करू' असं सांगितलं. म्हणून ह्या वेळी ठरलं होतं की सहीशिक्क्याचं पत्र हातात पडेपर्यंत सात ते सात या वेळात खुर्ची एक मिनिटही रिकामी ठेवायची नाही.

माझ्या आईला उपोषण म्हणजे उपवासच वाटला. मी तिला आदल्या रात्री नीट समजावून सांगितलं होतं, तिनं मानही हलवली होती. पहाटे उठून बघतो तर साबुदाण्याची खिचडी तयार, वर दाण्याची आमटी, आणि खिशात घालायला राजगिऱ्याचे दोन लाडू. म्हणाली, उपासाला चालतं. मी म्हटलं, आई, हे कंपनीच्या विरोधात आहे. तर ती म्हणाली, मग देवाचं नाव घे आणि खा. बसची वेळ झाली होती म्हणून मी वाद घातला नाही. डबा पिशवीत टाकला आणि निघालो. घाईत घरी काही खाल्लंही नाही. एक वाजता शिफ्ट सुटली की गेटबाहेर बसून खिचडीच खाऊ असा माझा साधा हिशेब होता. शेवटचं जेवण आदल्या रात्री आठला झालं होतं.

सात वाजता मंडपात पोचलो तर सेक्रेटरींनी पाच मिनिटांची मीटिंग घेतली. दोनच माणसांची मीटिंग. सेफ्टीची प्रतिज्ञा झाली. मग त्यांनी माझा डबा ताब्यात घेतला. उपोषणाच्या मंडपात साबुदाणा चालणार नाही, ही एकादशी नव्हे, असं त्यांनी जरा रागानंच सांगितलं. डबा गेटवरच्या सिक्युरिटी केबिनमध्ये जमा झाला आणि मला त्याचं टोकन मिळालं. ज्या कंपनीविरुद्ध मी उपाशी बसलो होतो तिचाच गार्ड माझी खिचडी राखत होता. मग सेक्रेटरी पत्राच्या मागे लागण्यासाठी कामगार आयुक्तांच्या ऑफिसला पुण्याला निघून गेले.

माझ्याबरोबर शिफ्टला होती कॅन्टीनची मावशी. म्हणजे कॅन्टीनमध्ये ताटं घासणारी. वय साठीकडे झुकलेलं, कंपनीला लागून असलेल्या गावातली, हेल्मेट डोक्यावरच्या पदरावर घट्ट बसवलेलं. ताटं धुवायचं मशीन कॅन्टीनमध्ये होतं, पण ते दोन महिन्यांपासून बंद होतं, त्यामुळे दुपारच्या जेवणाची सगळी ताटं तीच घासायची. तीही आमच्यासारखी कंत्राटीच, फक्त दुसऱ्या कंत्राटदाराची. जेवायच्या वेळी तीही मोरीमागच्या पायरीवर बसून घरची भाकरी खायची. तिनं त्या दिवसाची रजा काढली होती आणि कंत्राटदारानं बदली माणूस पाठवतो असं सांगितलं होतं.

मला बोलायला काहीतरी हवंच होतं, नाहीतर पोटाकडे लक्ष गेलं असतं. मी विचारलं, मावशी, तुम्हाला काय पडलंय त्या जेवणाचं? तुमचं घर तर इथून हाकेवर आहे. घरी जाऊन गरम जेवाल.

ती मिश्री लावत होती. बोट थांबवून म्हणाली, "धा वर्सं त्या ताटांची उष्टी काढली मी. बसून त्या ताटात जेवलं तर कसं लागतं, तेवढं बघायचंय."

एवढंच. पुन्हा मिश्री लावायला लागली. मिश्री उपोषणात चालते का यावर आधीच्या आठवड्यात कमिटीत तासभर चर्चा झाली होती आणि गिळत नाहीत म्हणून चालते असा निर्णय झाला होता. मला तिचं बोलणं ऐकून लाज वाटली. मी अंडाकरीसाठी बसलो होतो. पण लाज फार वेळ टिकली नाही, कारण तोवर नऊ वाजले होते आणि समोरच्या वडापावच्या गाडीवर पहिला घाणा पडला.

तो गाडीवाला भला माणूस होता. आमच्या उपोषणाला त्याचा पाठिंबा होता. तो त्यानं असा दाखवला होता की गाडी मंडपापासून वीस पावलं लांब नेली होती. वाऱ्याला मात्र त्यानं काही सांगितलं नव्हतं. दर तासाला तो झारा हातात घेऊनच मंडपाशी यायचा आणि वासाचा त्रास तर होत नाही ना, असं काळजीनं विचारायचा. दहा वाजता त्यानं उपासाची बटाटाभजी करून देऊ का असंही विचारलं. मावशी हसली. मला त्या माणसाला मिठी मारावी की मारावं हे कळत नव्हतं.

साडेदहाला माझ्या पोटात जे कावळे ओरडायला लागले ते शेजारच्या खुर्चीवर ऐकू जात होते. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा म्हणतात. धोंडे रस्त्याच्या कडेला ढिगानं पडले होते, कोंड्याचं मात्र कुणी बघितलं नव्हतं. अकरा वाजता मला खिशातल्या लाडवांची आठवण झाली. खोटं कशाला बोलू, आठवण सात वाजल्यापासून होती. डबा जमा केला होता, पण खिशाबद्दल कुणी विचारलं नव्हतं. मी मावशीला म्हटलं, जरा लघवीला जाऊन येतो. रस्त्याच्या पलीकडे एक कंटेनर उभा होता. त्याच्या मागे गेलो आणि खिशात हात घातला, तर कंटेनरचा ड्रायव्हर खाली उतरून स्टोव्हवर डाळ शिजवत बसलेला. हेल्मेटवर लावलेली 'उपोषण' अशी पट्टी बघून तो उभा राहिला आणि त्यानं मला हात जोडले. हिंदीत म्हणाला, तुम्ही आम्हा सगळ्यांसाठी उपाशी राहताय. माझ्या हातात लाडू होता. मी तो तसाच खिशात सोडला आणि त्याला हात जोडून परत आलो. मी जन्मात इतका मोठा त्याग केलेला नाही, आणि तो मी निव्वळ भिडेपोटी केला.

खुर्चीवर बसताच मावशीनं माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघितलं. तिथं राजगिऱ्याचे चार दाणे चिकटले होते. तिनं ते बोटानं झटकले. मग मीच तिला लाडवाची सगळी हकिकत सांगून टाकली. ती इतकी हसली की हेल्मेट डोळ्यांवर आलं. मी म्हटलं, हसा, तुम्हाला सवय आहे. ती म्हणाली, सवय कशाची, उपाशी राहायची का दुसऱ्याला खाताना बघायची? आणि स्वतःच पुन्हा हसली. मला त्यावर हसता आलं नाही.

बारा वाजता भोंगा झाला. एक्झॉस्ट पंखा सुरू झाल्याचं गेटपर्यंत कळलं. बुधवार होता. अंडाकरीचा वास रस्ता ओलांडून वडापावच्या वासात मिसळला आणि मी डोळे मिटून घेतले. आता एकच तास. मी मिनिटं मोजत होतो. एक वाजता आमचे रिलीव्हर येणार, मी रजिस्टरमध्ये 'नॉर्मल' लिहिणार, टोकन देऊन खिचडी सोडवणार, आणि आयुष्यात पुन्हा कधीही कुठल्याही मागणीच्या वाटेला जाणार नाही, असं मी ठरवलं होतं.

एक वाजला. कुणी आलं नाही. सव्वा वाजला तरी नाही. आमचे दोघे रिलीव्हर माझ्याच लाइनवरचे होते आणि त्यांची सुट्टी होती. फोन लावले तर लागेनात. कंपनीच्या आत शिरताना फोन गेटवर जमा करावे लागतात, तेव्हाच फोन असे बंद लागतात. पण सुट्टीच्या दिवशी हे आत कशाला जातील? मी रस्त्याच्या दोन्ही बाजू पुन्हापुन्हा बघत होतो. शेवटी मी मावशीवर विनाकारण खेकसलो की तुमचं हेल्मेट नीट घाला. तिनं ते नीट घातलं.

दीड वाजता गेटातून एक माणूस पळत बाहेर आला. बघतो तर कॅन्टीन मॅनेजर. घामाघूम, शर्ट बाहेर आलेला. तो थेट मावशीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, मावशी, चला लवकर, ताटं नाहीत.

त्याच्याकडून जे तुकड्यातुकड्यानं कळलं ते असं. कंपनीनं मागणी मान्य केली होती. बारा वाजता. पत्र टाइप झालं होतं, पण सही प्लँट हेड साहेबांची लागत होती आणि साहेब मोशीच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते. तरी एचआरच्या साहेबांनी उत्साहाच्या भरात एकच्या सुट्टीला कॅन्टीन सगळ्यांना उघडून टाकलं होतं. ज्याच्या गळ्यात कंपनीचं कार्ड आहे त्यानं यावं आणि जेवावं. आमचे रिलीव्हर मागच्या गेटजवळ रिक्षातून उतरले, तिथल्या गार्डनं त्यांना ही बातमी सांगितली. आता सहा तास उपाशी बसायचंच आहे तर आधी पोटभर जेवून घ्यावं असा विचार करून ते आत रांगेत उभे राहिले. त्यांचा विचार चुकीचा होता असं मी म्हणू शकत नाही. मीही तेच केलं असतं.

आम्हाला सांगायला कुणी आलं नाही, कारण प्रत्येकाला वाटलं की दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असेल.

पण जेवण मात्र कंत्राटी लोकांपैकी कुणालाच मिळालेलं नव्हतं. मावशीच्या जागी बदली माणूस आलाच नव्हता. पर्मनंट लोकांनी जेवून ठेवलेली सगळी ताटं मोरीवर खरकटी पडून होती आणि बाहेर दीडशे कंत्राटी कामगार रिकाम्या हातानं रांगेत उभे होते. अंडी शिजलेली, भात शिजलेला, वाढायला ताट नाही. मी विचारलं, वाढपी का घासत नाहीत? तर वाढपी तिसऱ्याच कंत्राटदाराचे होते आणि त्यांच्या करारात घासणं नव्हतं. मग रांगेतल्यांनी आपापलं ताट घासून घ्यावं, असं मॅनेजरनं सुचवून पाहिलं होतं. त्यावर रांगेतून उत्तर आलं की पहिल्यांदा जेवायला बोलावता आणि पाहुण्यालाच भांडी घासायला लावता काय. डब्यात घ्या म्हणावं तर डबे घरच्या भाजीभाकरीनं भरलेले. डबा रिकामा करायचा तर तो आधी खायला हवा, आणि तो खाल्ला तर अंडाकरीला पोट कुठून आणायचं? एकानं हेल्मेट उलटं करून भात मागितला होता, त्याला सेफ्टीवाल्यांनी तिथंच अडवलं. एकच्या सुट्टीला बंद झालेली कामाची लाइन अजून सुरू झाली नव्हती.

मॅनेजर पुन्हा म्हणाला, मावशी, चला.

मावशी हलली नाही. म्हणाली, "रिलीव्हर आल्याबिगर जागा सोडायची न्हाई, असा रूल हाय."

मॅनेजरनं कपाळाला हात लावला. रिलीव्हर रांगेत आहेत, त्यांना ताट मिळाल्याशिवाय ते येणार नाहीत, आणि ताट तुम्ही आल्याशिवाय मिळणार नाही, हे त्यानं तिला तीन वेळा समजावलं. तिला ते पहिल्या वेळीच समजलं होतं. मला मात्र तिसऱ्या वेळी समजलं आणि माझं डोकं फिरलं. मी त्याला म्हटलं, आम्हाला पत्र दाखवा. पत्र मोशीत होतं. म्हणजे सही करणारे साहेब मोशीत होते. मी सेक्रेटरींना फोन लावला. ते आयुक्तांच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बसले होते. पत्र हातात आल्याशिवाय खुर्ची सोडली तर दिवाळीसारखं होईल, तुम्हाला शपथ आहे, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

खरं सांगतो, मी एकटा असतो तर उठलो असतो. भिंतीपलीकडे अंडाकरी निवत होती आणि मी तिच्यासाठीच उपाशी बसलो होतो. साखळी गेली खड्ड्यात असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण बाजूला मावशी मांडीवर हात ठेवून बसली होती आणि मला एवढं कळत होतं की ती आत्ता उठून मोरीवर गेली तर दीडशे ताटं घासेल, दीडशे माणसं जेवतील, मग त्यांचीही उष्टी काढेल, आणि तोवर पातेलं खरवडलेलं असेल. तिला हे माझ्या आधी कळलं होतं. मी खुर्ची दोन्ही हातांनी धरून बसलो.

मॅनेजर पळत आत गेला आणि दहा मिनिटांनी एचआरच्या साहेबांना घेऊन आला. साहेब तरुण होते, हिंजवडीच्या बाजूला मारुंजीला राहायचे, वाईट माणूस नव्हते. त्यांना मुख्यालयातून लाइन का बंद आहे म्हणून सारखे फोन येत होते. त्यांनी आधी विनंती केली, मग पत्र संध्याकाळपर्यंत नक्की येईल असा शब्द दिला, मग कंत्राटदाराला सांगून कामावरून काढायला लावू का, असं मावशीला हळूच विचारून पाहिलं. मावशी म्हणाली की आज तिची रजा आहे. रजेवरच्या माणसाला कामावर ये म्हणून सांगता येत नाही, हे साहेबांनीच लिहिलेल्या नियमांत होतं.

मग मावशीनंच वाट काढली. ती म्हणाली, साहेब, खुर्ची रिकामी राहायला नको, एवढंच ना? मग तुमी बसा.

साहेबांना वाटलं ती चेष्टा करतेय. मलाही तसंच वाटलं. पण तिचा चेहरा सरळ होता. "पत्र येईस्तवर तुमी रिलीव्हर. आन् हा बी पोरगा रातपासून उपाशी हाय. त्याच्या जागी मॅनेजर बसतील. मग मी उठते."

साहेबांचा फोन पुन्हा वाजला. त्यांनी नाव बघितलं, फोन घेतला नाही, आणि बसले. मॅनेजर तर केव्हाचाच बसायच्या बेतात होता. त्या रांगेसमोर परत जाण्यापेक्षा उपाशी राहणं त्याला सोपं वाटलं असणार. मी हेल्मेट काढून त्याच्या डोक्यावर ठेवलं. मावशीनं आपलं साहेबांच्या डोक्यावर ठेवलं आणि नीट बसलंय का ते बघितलं. रजिस्टरवर हँडओव्हर झाला. साहेबांनी भुकेच्या रकान्यासमोर पेन धरलं, जरा विचार केला आणि 'आहे' असं लिहिलं. त्या रजिस्टरमधली ती पहिली खरी नोंद. वडापाववाला झारा घेऊन त्यांना वासाचा त्रास होतोय का ते विचारायला निघालाच होता.

आम्ही आत गेलो. कॅन्टीनच्या दारापासून पार सायकल स्टँडपर्यंत रांग होती. मावशी दिसताच लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमचे दोघे रिलीव्हर रांगेत मागे होते, त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. मावशीनं टाळ्यांकडे लक्ष दिलं नाही. मोरीवर गेली, पदर खोचला, गरम पाण्याचा नळ सोडला. ढिगातलं वरचं ताट उचललं, घासलं, दोन पाण्यांनी धुतलं, उजेडात धरून बघितलं. मग दुसरं घेतलं. तेही तसंच घासलं. आणि नळ बंद केला.

एक ताट तिनं माझ्या हातात दिलं. दुसरं घेऊन ती वाढप्यासमोर उभी राहिली.

रांगेत कुजबुज झाली. पुढच्या एकानं विचारलं, मावशी, बाकीची? ती वळून म्हणाली, "आधी जेवते. मग घासते."

ती मधल्या टेबलावर बसली. मोरीतून जे टेबल समोर दिसतं तेच. मी तिच्यासमोर बसलो. त्या ताटाला पाच खण असतात. कुठल्या खणात काय वाढतात हे तिला वाढप्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, कारण कशाचा डाग कुठं पडतो हे तिनं दहा वर्षं बघितलं होतं. तिनं पोळी मोडली, डाळीत बुडवून खाल्ली, थोडा वेळ चावत राहिली. मी वाट बघत होतो. ती म्हणाली, मीठ कमी हाय. आणि दुसरा घास घेतला.

मी भराभर जेवत होतो आणि मला रडू येत होतं. दोन्ही एकदम होत होतं. अंडाकरी निवलेली होती, त्यात तिखट जास्त होतं, आणि मी इतकं चांगलं काही खाल्लेलं नाही. दीडशे माणसं आमच्याकडे बघत उभी होती. त्यांच्या पोटात काय चाललं असेल ते माझ्याएवढं कुणालाच माहीत नव्हतं. मला घाई करावीशी वाटली. मावशीला वाटली नाही. ती घासामागून घास सावकाश जेवत होती, मधूनच पाणी पीत होती, खिडकीतून बाहेर बघत होती. ताट संपत आलं तेव्हा तिनं मान वर करून वाढप्याला बोलावलं आणि आणखी भात वाढायला सांगितलं.

त्यानं रांगेकडे बघितलं. मग भात वाढला, आणि ती जेवत राहिली.